दस्त नोंदणी सेवा, महाराष्ट्र: पावती पक्की, मालकीची हमी नाही

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवला, म्हणजे सरकारने मालकी तपासून शिक्का मारला, असं बहुतेक खरेदीदार धरून चालतात. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची सेवा वापरण्याआधी ही समजूत डोक्यातून काढायला हवी. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने दुय्यम निबंधकाला दिलेलं काम मोजकं आहे. सही करणारा माणूस तोच आहे का, त्याला ती सही मान्य आहे का, दस्त मुदतीत आला का, मिळकत ओळखता येईल इतकं वर्णन आहे का, मुद्रांक पुरेसा आहे का, आणि एखाद्या कायद्याने परवानगी लागत असेल तर ती जोडली आहे का, एवढंच तो बघतो. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का, हा प्रश्न त्याच्या कामात येत नाही. तामिळनाडूने नियम करून विक्रेत्याचा मूळ मालकी दस्त दाखवल्याशिवाय नोंदणी नाही असं ठरवलं होतं. ७ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला आणि मालकीची शहानिशा करणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं कामच नाही, हे स्पष्ट केलं.

तेव्हा या सेवेला गुण द्यायचे ते तिच्या स्वतःच्या कामावर. त्या हिशेबाने ओळख पटवणं, शुल्क वसूल करणं आणि नोंद जपून ठेवणं यात ती चांगली आहे. माहिती भरण्याची पानं कामचलाऊ आहेत. आणि नागरिकाला त्याचे हक्क सांगण्यात ती मागे आहे.

खिडकीपर्यंत जाण्याआधी

विभागाच्या संकेतस्थळावर ‘पब्लिक डेटा एंट्री’ नावाची सोय आहे. दस्ताचा प्रकार, गाव, मिळकत, मोबदला, पक्षकार, ओळखदार ही सगळी माहिती इथे आधीच भरायची आणि मिळालेला क्रमांक कार्यालयात द्यायचा. ‘ई-स्टेप इन’वरून वेळही घेता येते. ही नोंद स्वतः करावी किंवा निदान स्वतः वाचावी, कारण इथे भरलेलंच पुढे सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या कार्यालयीन गोषवाऱ्यात, उतरतं. नावाचं स्पेलिंग, पॅन, सर्व्हे नंबरचा पोटहिस्सा, सदनिकेचं क्षेत्रफळ चटई की बांधीव, मजला, विंग या जागी सर्वाधिक चुका होतात. दस्तात चटई क्षेत्र आणि नोंदीत तोच आकडा बांधीव म्हणून, ही नेहमीची गफलत. ती अंगठा लावण्याआधी दिसली तर मिनिटभराचं काम असतं. नोंदणी झाल्यावर दिसली तर चूक दुरुस्तीपत्र करावं लागतं, त्यासाठी दोन्ही पक्षांना पुन्हा यावं लागतं, आणि पैसे मिळालेला विक्रेता तोवर परदेशी मुलाकडे गेलेला असू शकतो.

मूल्यांकनाचा भाग या संकेतस्थळातला सर्वांत उपयोगी. वार्षिक मूल्य दर तक्ते, म्हणजे बोलीभाषेतला रेडी रेकनर, गाव आणि विभागवार उघडतात. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि बाजारमूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं. तक्त्यातला दर बांधीव क्षेत्राचा असतो, म्हणून चटई क्षेत्राला १.१ ने गुणून बांधीव क्षेत्र काढतात. लिफ्ट असलेल्या इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्यासाठी दर ५ टक्क्यांनी, अकराव्या ते विसाव्यासाठी १० टक्क्यांनी वाढतो, त्यावर आणखी. बंद पार्किंग दराच्या २५ टक्क्यांनी धरतात. जुन्या इमारतीला घसारा मिळतो, पण तो मिळवायचा तर भोगवटा प्रमाणपत्र किंवा वय सिद्ध करणारा कागद हातात लागतो. दलालाच्या तोंडी ‘जुनी बिल्डिंग आहे साहेब’ने भागत नाही.

उदाहरण घ्या. पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट, बाजारमूल्य ७४ लाख. शुल्क ८० लाखांवर. पुणे महापालिका हद्दीत ५ टक्के मुद्रांक, १ टक्का स्थानिक संस्था अधिभार आणि १ टक्का मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५,६०,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. मुंबईत तोच व्यवहार ६ टक्क्यांचा, ४,८०,००० रुपयांचा. निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. खरेदीदारांत एका पुरुषाचं नाव जोडलं की ती गेली. ही सवलत सुरुवातीला पंधरा वर्षं पुरुषाला न विकण्याच्या अटीवर होती, ती अट २०२३ मध्ये उठली. जुनी माहिती छापणारी पानं अजून नेटवर फिरतात, सांभाळून.

बक्षीसपत्रावरही गैरसमज आहे. निवासी किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिली तर मुद्रांक २०० रुपये, हे खरं. पण महापालिका हद्दीत अधिभार वेगळा लागतो, आणि तो बाजारमूल्यावर असतो. ‘दोनशेत काम होतं’ म्हणून घरी निघालेल्यांना तिथेच घाम फुटतो.

पैसे भरण्याची वाट म्हणजे ‘ग्रास’, सरकारी रकमा ऑनलाइन भरण्याचं संकेतस्थळ. एमटीआर नमुना ६ चं चलन निघतं, त्यावर जीआरएन, म्हणजे सरकारी संदर्भ क्रमांक असतो, आणि नोंदणीच्या वेळी दुय्यम निबंधक ते चलन ‘डिफेस’ करतो, म्हणजे पुन्हा वापरता येणार नाही असं करतो. ही पद्धत बनावट मुद्रांकाला चांगला आळा घालते. चलन पक्षकारांपैकी कोणाच्या तरी नावाचं हवं. वकिलाच्या किंवा एजंटच्या नावाचं चलन पुढे अडचणीत आणतं. बँकेतून पैसे गेले आणि चलन आलं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. आधी बँकेचा संदर्भ क्रमांक धरून चलन शोधावं. जादा भरलेल्या मुद्रांकाचा परतावा अर्ज करून मिळतो, पण मुदत पाळावी लागते: खरेदी केलेला मुद्रांक सहा महिन्यांत वापरला नाही आणि परतावाही मागितला नाही, तर तो बाद होतो.

सही आणि मुद्रांक यांचा क्रम फार लोक चुकवतात. राज्यात केलेल्या दस्तावर मुद्रांक सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर सहीनंतरच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी हवा. दस्तावर तारीख सोमवारची आणि चलन गुरुवारचं असेल, तर दस्त योग्य मुद्रांकित मानला जात नाही. तो न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही आणि कमी पडलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढतो. शुल्क किती याबद्दल शंका असेल तर सही करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णय मागता येतो. त्याची फी आता १०० ऐवजी १,००० रुपये आहे. मोठ्या किंवा गुंतागुंतीच्या व्यवहारात हे हजार रुपये स्वस्त पडतात.

खिडकीवर

नोंदणीसाठी मुदत सहीपासून चार महिने. ती चुकली तर आणखी चार महिने मिळू शकतात, पण तातडीची गरज किंवा टाळता न आलेला प्रसंग दाखवावा लागतो आणि नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड होतो. फी ३०,००० असेल तर हा दंड ३ लाखांपर्यंत जाऊ शकतो. आठ महिनेही उलटले तर जुना दस्त नोंदवता येत नाही, नवा करावा लागतो आणि त्यासाठी विक्रेत्याने पुन्हा सही करायला तयार असावं लागतं. मृत्युपत्राला मात्र मुदत नाही, मुद्रांकही नाही, आणि नोंदणी ऐच्छिक आहे.

प्रत्यक्ष काम असं चालतं. दस्त सादर होतो, सादर करणाऱ्याची सही, दिवस आणि वेळ दस्तावर नोंदतात, पावती मिळते. मग लिहून देणार आणि लिहून घेणार यांचे फोटो आणि बोटांचे ठसे. दोन ओळखदार लागतात, आणि ते पक्षकाराला खरोखर ओळखणारे असावेत, कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवरचे नव्हेत. आधारवर ओळख पटवली तर ओळखदारांची अडचण कमी होते. यानंतर दुय्यम निबंधक विचारतो: दस्त तुम्हीच करून दिला का? मजकूर मान्य आहे का? बहुतेक जण घाईत ‘हो’ म्हणतात. पण कायद्याच्या दृष्टीने सगळ्या सोपस्कारातला वजनदार क्षण हाच. कबुली दिली की नोंदणी होते. नाकारली, किंवा लिहून देणार अल्पवयीन अथवा मानसिकदृष्ट्या अक्षम दिसला, तर नोंदणी नाकारणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. खोटं सांगितलं किंवा दुसऱ्याच्या नावाने उभं राहिलं तर कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अधिकाऱ्याने जाणूनबुजून खोटा शेरा मारला तर त्यालाही कलम ८१ आहे. प्रामाणिकपणे केलेल्या कामासाठी मात्र कलम ८६ त्याला संरक्षण देतं, म्हणून मालकी बुडाली तर त्याच्यावर दावा टाकून हाती काही लागत नाही.

शेवटी दस्त स्कॅन होतो आणि ‘हवल-१’, ‘करल-१’, ‘बरल-१’ अशा कार्यालयीन संक्षेपासह अनुक्रमांक आणि वर्ष पडतं. मूळ दस्त आणि सूची २ परत मिळते. आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी कलम ३१ खाली गृहभेट मिळते, ही या सेवेतली खरोखर माणुसकीची सोय. ती फलकावर ठळक लावलेली क्वचित दिसते.

मुंबई शहर आणि उपनगरात १७ फेब्रुवारी २०२५ पासून हद्दीबाहेरच्या कार्यालयातही दस्त नोंदवता येतो. नरिमन पॉइंटला नोकरी आणि बोरिवलीत घर असलेल्यांना याचा थेट फायदा. कायद्याचा मूळ नियम असा: मिळकत किंवा तिचा काही भाग ज्या हद्दीत, तिथेच.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी कुलमुखत्यारपत्राचा मुद्दा. ते तिथल्या नोटरी पब्लिकसमोर किंवा भारतीय वकिलातीत करावं, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. ही तारीख सिद्ध करायला कुरिअरचं पाकीट जपून ठेवा. नोंदणीच्या दिवशी मुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि ते रद्द झालेलं नाही असं घोषणापत्र लागतं. मुखत्यारपत्रावरच घर ‘विकत’ घेणं मात्र टाळा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्राच्या जोडीने मालकी जात नाही.

नकार मिळाला तर

इथे सेवेचे गुण सर्वांत कमी. ‘हे होणार नाही, अमुक कागद आणा’ असं तोंडी सांगितलं जातं आणि माणूस परत फिरतो. कायदा वेगळं सांगतो. मिळकत हद्दीबाहेरची आहे एवढं कारण सोडलं, तर नोंदणी नाकारताना अधिकाऱ्याने कारणं लिहून पुस्तक क्रमांक २ मध्ये नोंदवायची, दस्तावर ‘नोंदणी नाकारली’ असा शेरा द्यायचा, आणि मागितल्यास कारणांची प्रत फुकट द्यायची. ही कलम ७१ ची तरतूद आहे. लेखी नकार हातात असला की वाट मोकळी. कारण ‘सही नाकारली’ असं असेल तर कलम ७३ खाली ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अर्ज, आणि तो चौकशी करतो. इतर कारण असेल तर कलम ७२ खाली ३० दिवसांत अपील. तिथेही नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत दिवाणी दावा. तोंडी नकारावर यातलं काहीच चालत नाही. म्हणून एकच वाक्य: ‘लेखी द्या.’

सगळेच नकार चुकीचे नसतात. महाराष्ट्र नोंदणी नियम १९६१ मधला नियम ४४ सांगतो की एखाद्या कायद्याने पूर्वपरवानगी लागत असेल तर ती पाहायची. वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी अटी असलेली जमीन, आदिवासी खातेदाराची जमीन, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन या प्रकरणांत परवानगी जोडूनच जावं. तुकडेबंदीवर, म्हणजे जमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे करण्यावरच्या बंदीवर, मात्र बराच वाद झाला. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने मंजूर रेखांकनाशिवाय गुंठेवारी तुकड्यांची नोंदणी थांबवली. ५ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. पुढे वाद वरच्या न्यायालयात गेला आणि सरकारने कायदाच शिथिल करायला घेतला. गुंठ्यातला व्यवहार असेल तर त्या दिवशी लागू असलेला आदेश छापून घेऊनच जावं.

शोध: फुकट आहे, पण पुरेसा नाही

विभागाची मोफत ई-सर्च सेवा मनापासून आवडण्यासारखी आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक भरला की सूची २ दिसते. बँकेकडे हक्कलेख ठेवून काढलेल्या कर्जाची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ही इथे सापडते, ती ३० दिवसांत दाखल करणं कर्जदाराचं काम आहे.

मर्यादा मात्र नीट ओळखाव्यात. एका वेळी एकच वर्ष. सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर, प्लॉट आणि सदनिका यांपैकी नोंदणी करणाऱ्याने जो क्रमांक भरला असेल त्यानेच नोंद सापडते, म्हणून प्रत्येकाने वेगळा शोध घ्यावा. ‘१२/३’, ‘१२/३अ’ आणि ‘१२/३/१’ हे यंत्राला तीन वेगळे क्रमांक. संगणकीकरण २००२ चं. त्याआधीचं बरंचसं कार्यालयातल्या वह्यांत, म्हणून तीस वर्षांच्या शोधासाठी माणूस पाठवावाच लागतो. पुस्तक १ आणि त्याच्या सूच्या कोणालाही पाहता येतात. मृत्युपत्रांचं पुस्तक ३ तसं खुलं नाही. वारसाहक्क, तोंडी वाटण्या, कुळाचे दावे यांचा तर इथे मागमूसही नसतो.

पण सर्वांत धोकादायक पोकळी कलम ४७ मुळे आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नोंदवलेला दस्त नोंदणीच्या तारखेपासून नव्हे, सहीच्या तारखेपासून अमलात येतो. समजा विक्रेत्याने १ जूनला एकाला खरेदीखत करून दिलं आणि ते नोंदवलं नाही. १५ जुलैला तुम्ही शोध घेतला, कोरा आला, त्याच दिवशी तुमचं खरेदीखत होऊन नोंदलं गेलं. १० सप्टेंबरला पहिल्या खरेदीदाराने चार महिन्यांच्या आत आपला दस्त नोंदवला. त्याची नोंदणी तुमच्यानंतरची, पण हक्क आधीचा. कोणतंही संकेतस्थळ हे पकडू शकत नाही, कारण तुम्ही शोधलंत त्या दिवशी पकडण्यासारखं काही नव्हतंच. यावर कागदी उपाय थोडे आहेत: विक्रेत्याकडच्या साखळीतले मूळ दस्त प्रत्यक्ष ताब्यात घेणं, ताबा कोणाकडे आहे हे जाऊन पाहणं, वृत्तपत्रात जाहीर नोटीस देणं, सोसायटीकडून लेखी खात्री घेणं. मूळ दस्त ‘लॉकरमध्ये आहे, नंतर देतो’ म्हणणारा विक्रेता दिसला की बयाणा खिशात ठेवा.

मुंबईच्या मिळकतींना आणखी एक सोय आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे प्रलंबित दाव्याची नोटीस नोंदवलेली असेल तरच तो दावा पुढच्या खरेदीदाराला बांधतो. ती नोटीस शोधात मिळू शकते, म्हणून ती आवर्जून शोधावी.

आणि एकदा नोंदलेला दस्त रद्द करून घ्यायचा तर दुय्यम निबंधकाकडे अर्ज करून उपयोग नाही. त्याला तो अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालय.

भाडेकरार

लिव्ह अँड लायसन्सची ऑनलाइन नोंदणी या विभागाचं सर्वांत जमलेलं काम. घरमालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार घरबसल्या बोटांचे ठसे देतात, करार मेलवर येतो. शुल्क एकूण भाडं अधिक परत करायच्या अनामतीच्या वार्षिक १० टक्के, या बेरजेच्या ०.२५ टक्के. अकरा महिने, २५,००० भाडं, १ लाख अनामत असेल तर ७१० रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायला नको’ ही समजूत महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ मुदत कितीही असली तरी लेखी आणि नोंदलेला करार मागतं, आणि जबाबदारी मालकावर टाकतं. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे काम मात्र वेगळं करावं लागतं.

नोंदणीनंतर

शेतजमिनीच्या दस्ताची सूचना ई-फेरफारमधून थेट तलाठी कार्यालयाकडे जाते. तलाठ्याने नोटीस काढायची, १५ दिवस हरकतींची वाट पाहायची, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हे आपोआप होतं म्हणून स्वस्थ बसू नका. सोळाव्या दिवशी सातबारा उघडून फेरफार प्रलंबित आहे की मंजूर, ते बघा. हरकत आली असेल तर ती महसूल अधिकाऱ्याकडे सुनावणीला लागते आणि तारखेला खरेदीदार हजर असावा लागतो. फ्लॅटच्या बाबतीत सोसायटीचा भाग दाखला, मालमत्ता कर आणि वीजजोडणी यांची नावं बदलायला तीन वेगळे अर्ज, तिन्हींसोबत सूची २ ची प्रत. प्रॉपर्टी कार्ड असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातली नोंदही तपासावी. तिथे अजून जुन्या मालकाचं नाव असेल तर पुढच्या विक्रीच्या वेळी बँक तिथेच अडवते.